आईचं वय आणि बारा डीचा फॉर्म

टपाली मतदान म्हटलं की लोकांना वाटतं, पोस्टमन मतपत्रिका आणून देणार आणि आपण ती खूण करून परत लाल पेटीत टाकणार. माझ्या आईच्या बाबतीत पोस्टाचा संबंध कुठेच आला नाही. मतपत्रिका आली ती माणसांच्या घोळक्यातून, आमच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरत. त्यासाठीचा फॉर्म भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळा वेळ गेला तो आईचं वय सरकारी कागदावर खरं करून घेण्यात, आणि ते कसं झालं हेच इथे लिहितोय, कारण गावागावांत अशा म्हाताऱ्या आहेत.

आमचं घर देवगड तालुक्यात, मतदारसंघ कणकवली विधानसभा. गाडीचा रस्ता वर सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून जातो आणि वाडी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाला. मधे चिऱ्याची पाखाडी. मतदान केंद्र म्हणजे शाळा, ती व्हाळापलीकडे, साकव ओलांडून. माझ्यासारख्याला हे अंतर काहीच नाही. आईचे गुडघे मात्र कधीच कामातून गेलेत. घरात ती काठी आणि भिंत धरून चालते.

२०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे ७ मे रोजी मतदान होतं. त्याच्या आधी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी ताई वाडीत आल्या. त्या अंगणवाडीत आहेत, घराघरात त्यांचं जाणं-येणं असतं. हातात यादी आणि फॉर्मचा गठ्ठा. पंच्याऐंशीच्या वरच्या मतदारांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरी टपाली मतदान करता येतं, त्यासाठीचा हा नमुना १२-ड. सगळे ‘बारा डी’च म्हणतात. वरच्या घरातल्या आजोबांना तो मिळाला. आईचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं.

“तुमच्या आईंचं वय एक्याऐंशी दिसतंय,” ताई म्हणाल्या.

आई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, “माझा वय कोणी कमी केल्यान?”

प्रश्न रास्त होता. आणि यातली गंमत अशी की वयाची अट आधी ऐंशीची होती. ती पंच्याऐंशीवर नेणारा बदल १ मार्च २०२४ चा. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत यादीतल्या चुकीच्या वयानेसुद्धा आई बसली असती. मार्चपासून तिला खरं वय दाखवणं भाग पडलं.

ताईंच्या हातात काही नव्हतं, यादीवर असेल तेच त्यांना धरावं लागतं. तेव्हा मे महिन्याच्या त्या उन्हात आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून शाळेत नेलं. वाडीतली चार पोरं, आलटून पालटून खांदा देत. साकवावर आल्यावर ती पोरांना सारखी “सावकाश रे” म्हणत होती आणि पोरं काही पैज लावल्यासारखी पळत होती. मत झालं. पण परत आल्यावर तिने दोन दिवस अंथरूण सोडलं नाही, तेव्हा मी ठरवलं की विधानसभेच्या आत हे वयाचं प्रकरण मिटवायचं.

चूक आली कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिचं जुनं मतदार ओळखपत्र आहे, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळातलं, कृष्णधवल फोटोचं. त्यावर जन्मतारीख नाहीच. ‘१-१-१९९५ रोजी वय : ५२’ एवढंच. कुणीतरी खळ्यात, म्हणजे अंगणात टेबल टाकून बसलं असणार, वय विचारलं असणार, आणि आमच्या तीर्थरूपांनी अंदाजाने आकडा ठोकून दिला असणार. त्या बावन्नात दरवर्षी एकेक मिळवत यादी २०२४ ला एक्याऐंशीवर पोचली होती. आधार कार्ड काढताना पुरावा म्हणून हेच ओळखपत्र दिलेलं, त्यामुळे आधारवरही १९४३. आता यादी दुरुस्त करायला आधार दाखवावं तर ते तेच खोटं वय सांगणार.

मग आईचा जन्म खरा कधीचा? तिला तारीख ठाऊक नाही, तिथी ठाऊक नाही. पण एक गोष्ट ती छातीठोकपणे सांगते: “रामदास बुडाली तेव्हा मी चौथीत होतंय.” रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या त्या पिढीची कालगणना अशीच चालते. चौथीत म्हणजे दहा वर्षांची धरा, म्हणजे जन्म सदतीसच्या आसपास. हिशोब बरोबर होता, पण निवडणूक शाखेत रामदास बोट पुरावा म्हणून चालत नाही.

चौथीत होती म्हणजे शाळेत होती. शाळेत होती म्हणजे जनरल रजिस्टरला नाव असणार. तिचं माहेर मालवण तालुक्यातलं, शाळा अजून चालू आहे, पट मात्र बोटांवर मोजण्याइतका उरलाय. मी गेलो तेव्हा जून लागलेला, पाऊस धो धो. गुरुजींनी आधी “एवढं जुनं मिळेल असं वाटत नाही” म्हणून हात झटकले, मग चहा मागवला, मग स्वतःच उठून कपाट उघडलं. रजिस्टर लाल कापडात बांधलेलं होतं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधला मजकूर जसाच्या तसा. लोकल बोर्डाच्या काळातलं. बोरूने लिहिलेली टपोरी अक्षरं, आणि त्यात आईचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जात, आणि जन्मतारीख १ जून १९३७.

१ जून! महाराष्ट्रात अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकली. म्हणजे मी वडिलांचा अंदाज खोडून मास्तरांचा अंदाज लावणार होतो. फरक इतकाच की मास्तरांच्या अंदाजावर शाळेचा गोल शिक्का होता, आणि वर्ष रामदासशी जुळत होतं. गुरुजींनी शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला.

पुढची अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, यादीत सासरचं. आईचं लग्न झालं तेव्हा आमच्याकडे कोण विवाह नोंदणी करत होतं? शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी ज्या टेबलावर गेलो तिथे पहिल्यांदा मला चुकीचा नमुना टाइप करून मिळाला, नंतर सही करणारे साहेब बैठकीला गेले, ते सगळं सांगत बसत नाही. ज्याने कुठलाही दाखला काढलाय त्याला ते माहीत आहे.

यादीतली दुरुस्ती नमुना ८ ने होते. हा तेव्हा मोबाइलवरून, व्होटर हेल्पलाइन ॲपवरून भरता येत होता. आमच्या घरी रेंज नाही, सड्यावर येते, त्यामुळे छत्री एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून सड्यावर उभं राहून मी आईची जन्मतारीख बदलली. दाखला आणि प्रतिज्ञापत्राचे फोटो चढवले. संदर्भ क्रमांक आला. मग बीएलओ ताई पडताळणीला घरी आल्या, आईला समोर बघितलं, मूळ दाखला बघितला, आणि म्हणाल्या, “खरं तर मला हे तेव्हाच दिसत होतं. पण दिसतं ते लिहिता येत नाही ना.” ऑगस्टअखेर नवी यादी आली त्यात आईचं वय सत्त्याऐंशी. एका पावसाळ्यात ती सहा वर्षांनी मोठी झाली.

ज्यांच्या घरी असा प्रश्न आहे त्यांना एकच सांगेन: हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता करा. बारा डीला मुदत फार थोडी असते. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरलेला फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचावा लागतो. विधानसभेला अधिसूचना २२ ऑक्टोबरची होती, म्हणजे २७ पर्यंत. दिवाळी तोंडावर, वसुबारस दुसऱ्या दिवशी, आणि आमच्याकडे भात कापून खळ्यात पडलेलं. त्या पाच दिवसांत कुणी मालवणच्या रजिस्टरमागे धावू शकत नाही.

या खेपेला ताई आल्या त्या आईचं नाव घेऊनच. फॉर्ममध्ये विशेष काही नाही: नाव, पत्ता, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, मोबाइल नंबर, कुठल्या कारणासाठी घरून मतदान हवंय ते. अपंगत्वाच्या कारणाने मागत असाल तर प्रमाणपत्राची प्रत जोडायची. वयासाठी वेगळं काही जोडावं लागत नाही, यादीतलं वय बघतात. फॉर्म दिल्याची पोच ताईंनी आमच्याकडून घेतली.

सही करण्याआधी ताईंनी आईला एक गोष्ट दोनदा समजावली, आणि ती खरोखर समजून घेण्यासारखी आहे. अर्ज मंजूर झाला की मतदार यादीत तुमच्या नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) अशी खूण होते. त्यानंतर मत घरीच. मतदानाच्या दिवशी बरं वाटलं, गाडी मिळाली, नातू आला म्हणून केंद्रावर गेलात तर तिथे मतदान करू देत नाहीत. आमच्या वरच्या घरातल्या काकीने याच कारणासाठी फॉर्म घेतला नाही. ती अठ्ठ्याऐंशीची, पण टुणटुणीत. “वर्षातसून एकदा सगळी गावतत थंय, ता पण सोडू?” तिचं म्हणणं मला तरी चुकीचं वाटलं नाही. मतदानाच्या रांगेत जुन्या मैत्रिणी भेटतात, कोण आजारी, कोण गेलं, कुणाची सून कशी, सगळं तिथे कळतं. आईनेही क्षणभर विचार केला. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि सही केली.

मुंबईच्या भावाला हे कळल्यावर त्याचा फोन आला, “मग माझापण एक फॉर्म भर की.” तो राहतो नालासोपाऱ्यात, मत अजून गावात. आमच्या प्रत्येक वाडीत असे चाकरमानी आहेत. त्यांच्यासाठी टपाली मतदान नाही. सैन्यातल्या माणसाला आहे, निवडणुकीच्या ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्याला आहे, पण पोटासाठी मुंबईला गेलेल्याला नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरच्या मतदारांसाठी एका यंत्राचा नमुना तयार असल्याचं जाहीर केलं होतं, पक्षांना बोलावून दाखवायचंही ठरलं होतं, पण बऱ्याच पक्षांचा विरोध झाला आणि ते तिथेच राहिलं. भावाला म्हटलं, तुला तुतारी एक्स्प्रेसनेच यावं लागणार. तो आला नाही, हे वेगळं.

नोव्हेंबरच्या मध्यात ताईंनी तारीख आणि साधारण वेळ कळवली. घरी नसलात तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. आई कुठे जाणार होती म्हणा. तरी तिने सकाळीच न्हाऊन नऊवारीतलं चांगलं लुगडं नेसून घेतलं आणि ओटीवर बसून राहिली.

पथक दुपारी आलं. दोन मतदान अधिकारी, त्यातले एक दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक, एक सूक्ष्म निरीक्षक, एक पोलीस, एक कॅमेरावाला, वाट दाखवायला आमच्या ताई. गाडी सड्यावर सोडून सगळे पाखाडी उतरत आले. पोलिसाच्या काखेत पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा, मतदान केंद्रात असतो तसा. मागून दोन वेगवेगळ्या पक्षांचे दोन प्रतिनिधी, दोघेही आमच्याच वाडीतले, एकमेकांचे चुलतभाऊ. उमेदवारांना या फेरीचं वेळापत्रक देतात, त्यांना माणूस पाठवता येतो. बायकोने सगळ्यांना कोकम सरबत विचारलं. शिक्षक म्हणाले, “पाणी द्या फक्त, बाकी नको.” बरोबरच होतं त्यांचं.

आडोसा पडवीतल्या टेबलावर उभा केला. ओळखपत्र बघितलं, यादीशी ताडलं. मग कागद समोर ठेवले आणि शिक्षक एकेक हातात घेऊन आईला सांगू लागले. मतपत्रिका. लहान पाकीट, तेरा-ब. मोठं पाकीट, तेरा-क. आणि एक घोषणापत्र, तेरा-अ, ज्यावर मतदाराची सही आणि अधिकाऱ्याची साक्षांकन सही. मतपत्रिकेचा क्रमांक घोषणापत्रावर आणि लहान पाकिटावर लिहिलेला असतो. मतपत्रिका लहान पाकिटात घालून चिकटवायची. ते चिकटवलेलं पाकीट आणि घोषणापत्र, दोन्ही मोठ्या पाकिटात. घोषणापत्र चुकून लहान पाकिटात गेलं किंवा त्यावर सही राहिली तर मत बाद. शिक्षक म्हणाले, “आजी, आम्ही दर घरी हेच बघतो. सही राहिली तर एवढं उतरून येऊन उपयोग काय?”

सहीसाठी त्यांनी सवयीने शाईचं पॅड पुढे केलं. आईने ते बाजूला सारलं, चष्मा मागितला आणि पेन घेतलं. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं, वर शिरोरेषा शेवटी एकदम ओढायची. कॅमेरावाला तोवर कॅमेरा धरून उभा. कुणी घाई केली नाही.

“मतदान करताना मदतीला कुणी हवंय का? दिसत नसेल तर सोबतीला मुलगा चालेल,” शिक्षकांनी विचारलं.

मी पुढे सरकलोच होतो. आई म्हणाली, “माका दिसता. तू भायर जा.”

मी खळ्यात गेलो. ती तेवढ्यावर थांबली नाही. “ती खिडकी लाव गो,” असं सुनेला सांगितलं, आणि मग सुनेलाही बाहेर घालवलं. मतपत्रिका हातात घेऊन “शिक्का खंय आसा?” असं विचारलेलं बाहेरून ऐकू आलं. बटणाच्या मशिनी येईपर्यंत तिने सगळा जन्म फुलीचा शिक्का मारला होता. इथे पेनाने खूण करायची, हे तिला परत सांगावं लागलं. त्यानंतर आत काहीच आवाज नाही. कॅमेरासुद्धा आडोशाकडे पाठ करून.

खळ्यात आम्ही तिघं उभे, मी आणि ते दोन चुलतभाऊ. तिघांच्याही मनात एकच प्रश्न, आणि कुणी विचारत नाही. तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली. मतदान केंद्रावर आईच्या मताची गुप्तता सांभाळायला अख्खी यंत्रणा असते. घरात तिला ती आमच्यापासून सांभाळायची होती. घरी मतदानावर टीका करणारे म्हणतात की म्हाताऱ्यांची मतं मुलंच देतात, आणि बऱ्याच घरांत ते होतही असेल; पथकातल्या माणसाने जरा डोळे झाक केली की झालं. आमच्याकडे आलेल्या शिक्षकांनी मला ‘चालेल’ म्हटलं होतं ते नियमाने, सोबत्याची तरतूद आहे म्हणून. पण आईला दिसत असताना मी पुढे सरकायचं काही कारण नव्हतं, हे तिने सगळ्यांच्या आधी ओळखलं. तुमच्याकडे पथक येईल तेव्हा त्यांनी सांगायच्या आधीच खळ्यात जाऊन उभे राहा. पडवीला खिडकी असेल तर ती लावा.

पाकिटं चिकटवली, पेटीत गेली, रजिस्टरला सही झाली. पथकाला त्या दिवशी अजून बरीच घरं करायची होती, काही तर खाडीपलीकडे. ते पाखाडी चढून गेल्यावर एका चुलतभावाने न राहवून विचारलंच, “आये, कोणाक दिलंस?”

“कोणाक दिलंय ता सांगूचा नसता. तुका शाळेत शिकवलेला नाय?”

२० नोव्हेंबरला सगळी वाडी शाळेकडे गेली आणि आई ओटीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाका मारत राहिली. त्या दिवशी ती थोडी खट्टू होती, ते लपवत नाही. काकी मतदान करून आली आणि मुद्दाम आमच्या खळ्यात थांबून अर्धा तास सगळ्या बातम्या सांगून गेली. २३ तारखेला सकाळी आठला टीव्ही लावला. मोजणी टपाली मतांपासून सुरू होते, मशिनी अर्ध्या तासाने. निवेदिका म्हणाली, “टपाली मतांमध्ये आघाडी...” आई काठी टेकत पुढे सरकली. “माझा मत पोचला वाटता.” ते आकडे कुठल्या तरी भलत्याच मतदारसंघाचे होते, पण मी काही बोललो नाही.

ही झाली विधानसभेची गोष्ट. २०२६ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक आली, २०१७ नंतर पहिल्यांदा. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. मी ताईंना विचारलं, बारा डी कधी आणताय? त्या हसल्या. बारा डी हा लोकसभा-विधानसभेच्या नियमांतला अर्ज. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे नियम वेगळे. यादी तीच, विधानसभेचीच निवडणूक विभागांप्रमाणे फोडलेली, आईचं सत्त्याऐंशीचं अठ्ठ्याऐंशी झालेलं वयही त्यात बरोबर, पण घरी कुणी येणार नाही. ज्येष्ठांना रांगेत न थांबवता आत घेतात, एवढं मात्र आहे.

आमची पाखाडी आणि साकव या कामांचा निधी जिल्हा परिषदेकडून आणि ग्रामपंचायतीकडून येतो. साकवाचं एका बाजूचं कठडं गेलं त्याला दोन पावसाळे झाले. मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा खुर्चीला बांबू बांधायला घेतले, तेव्हा आईने सांगितलं की या वेळी साकवावर तिला उतरवून ठेवायचं, थोडा वेळ तिथेच बसणार, आणि मत मागायला आलेल्या दोन्ही गटांच्या माणसांना तिथे बोलवा, मला ते कठडं दाखवायचं आहे. एका गटाची माणसं आली. दुसऱ्या गटाचा उमेदवार स्वतः आला, त्याने फोटो काढून नेला. शाळेत तिला थेट आत घेतलं. एक मत जिल्हा परिषदेला, एक पंचायत समितीला. कठडं अजून लागायचं आहे.